शेकाच्या खोलीत पायाशी कोण व्हतं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कवाच विश्वास नव्हता. धायरीत आमचं शेत व्हतं तवा रानातनं एकटी यायची मी. बाया म्हणायच्या, त्या चिंचेखालनं येऊ नगंस. मी तिथंच बूड टेकून पायातला काटा काढायची. मेलेलं माणूस येत न्हाई, आन् जित्या माणसाला यायला सवड न्हाई... असं माझं मत व्हतं.

तर हे मी बोलतीय आन् आमच्या खालच्या मजल्यावरच्या लेलेबाई टाईप करतायत. त्या शाळेत बाई व्हत्या, आता घरीच असत्यात. ह्या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव त्याच मला वाचून दाखवत्यात, आन् वाचून झालं की म्हणत्यात, "सगळं झूट आहे." म्या त्यांना बजावलंय, माझं बोलणं सुधरायचं न्हाई, हाय तसं लिवायचं. तर म्हणाल्या, "मी कशाला सुधारू? सासूला जमलं नाही, नवऱ्याला जमलं नाही." हे पण लिवा म्हणलं.

आमची बिल्डिंग आमच्याच जमिनीवर उभी हाय. लिफ्ट हाय तिथं गोठा व्हता. बिल्डरनं दोन्ही भावांना फ्लॅट दिले. एक आमचा, एक माझ्या थोरल्या जावंचा. तिला मी आक्का म्हणते. ती मला धाकटे म्हणायची. मला मूल न्हाई. मालक जाऊन लई वर्सं झाली. आक्काचे मालक तर त्याच्याबी आधी गेले. मंग आम्ही दोघीच. फ्लॅट दोन, पण चूल एकच. सकाळचा चहा तिच्यात, भाकरी माझ्यात.

मंग तिच्या सुनीलला नगर रोडला कंपनीत नोकरी लागली. त्यानं हितला फ्लॅट इकला आन् वाघोलीला घेतला. आईला घेऊन गेला. बरोबरच हाय, लेक हाय तो. टेम्पोत बसताना आक्का म्हणाली, "धाकटे, वाघोली काय लांब हाय व्हय?" लांबच हाय. दोन बस बदलायच्या. तरी मी जायची. मंग तिला अर्धांग झाला, उजवी बाजू गेली, बोलणंबी गेलं. फोन लावला की सुनीलची बायको वैशाली फोन तिच्या कानाला धरायची. मी बोलायची. तिकडनं नुसता श्वास यायचा.

त्यातच माझ्या डोळ्याचं दुखणं सुरू झालं. डाव्या डोळ्यानं गॅसचा जाळ अर्धाच दिसायचा. वाटलं मोतीबिंदू. मला वाचाय येत न्हाई, पण आकडे कळत्यात, त्याच्यावरच मी बस पकडते. मंग आकडेबी दिसंनात. एकदा भलत्याच बसमधी बसले आन् येरवड्याला उतरले. त्या दिवसापास्नं वाघोली बंद झाली.

लेलेबाईंनी दवाखान्यात नेलं. फोटो काढले, त्या ढोलासारख्या मशीनमधी घालून. डॉक्टर म्हणाले, डोक्यात गाठ हाय. साधी हाय, कॅन्सर न्हाई. पण जागा वाईट हाय. डोळ्यांच्या नसा जिथं एकत्र येत्यात तिथं चिकटून बसलीय. कापून काढायला गेलं तर नस तुटंल. ठिवली तर डावा जाईल, मागनं उजवाबी जाईल. म्हणून शेक द्यायचा. रेडिएशन. तिथं कोण लाईट म्हणतं, कोण शेक म्हणतं. मी शेकच म्हणते.

डॉक्टर म्हणाले, "घरी कोण असतं?"

म्हणलं, "मी असते."

डोळे गेल्यावर माझं काय व्हणार हे सांगाय डॉक्टर लागत न्हाई. चहा कोण करणार, दार कोण उघडणार. सुनीलकडं आधीच एक म्हातारी अंथरुणावर. तिथं दुसरी आंधळी जाऊन पडायची? मला ते नको व्हतं. म्हणून म्या सुनीलला, वैशालीला, कुणालाच कळवलं न्हाई. आक्काला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. हे ध्यानात ठेवा... कुणाला म्हणजे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हॉस्पिटल स्वारगेटच्या पुढं. शेकाची खोली तळघरात. बाहेर बाकं. तिथं सगळी कॅन्सरची माणसं, प्रत्येकाबरोबर घरचं कोणतरी. डबे, थर्मास, शाली. एका बाईनं मला इचारलं, "तुमचं कुठलं?"

"डोक्यातलं. साधं हाय म्हणत्यात."

"साधं? मग तुम्ही इथं कशाला?" असं म्हणली आन् तोंड फिरवून बसली. तिचंबी बरोबर व्हतं. पण आजाऱ्यांच्या बाकावरबी आपण परकीच, असं वाटलं खरं.

आधी तोंडाचा मुखवटा केला. गरम पाण्यातनं काढलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर ओढून बसवली. पहिल्यांदा ओल्या फडक्यागत वाटलं. मंग ती वाळली आन् आवळली. पापणी उघडंना, दात उघडंना. रोज शेक घेताना हाच मुखवटा घालायचा आन् टेबलाला खटाखट अडकवायचा, म्हणजे डोकं केसभर हलत न्हाई. हललं तर शेक भलत्या जागी जाणार.

तिथं मोनाली म्हणून मुलगी काम करायची, चंद्रपूरकडची. गोड बोलायची. "आजी, काही नाही होत. दहा-पंधरा मिनटं पडून राहायचं नं फक्त. महिनाभर सोम ते शुक्र दुपारी यायचं, शनिवार-रविवार सुट्टी."

म्हणलं, "तू थांबशील का हितं?"

"मी कशी थांबणार आजी? दार लागल्याशिवाय मशीन चालूच नाही होत. मी बाहेरून कॅमेऱ्यात पाहते. काही झालं तर हात वर करा."

मी बाळंतपणं केलीत लोकांची. सापाला काठीनं बाजूला केलंय. मालक गेले त्या दिवशीबी गाईची धार काढली. पण ते दार लागलं ना... भिंतीएवढं जाड दार, लागताना आवाज न्हाई, नुसता कानात दाब आला. आन् मला कळलं की आता ह्या खोलीत जगातलं कोणबी येऊ शकत न्हाई. आईबाप असते तरी आले नसते. तोंड बांधलेलं, हाक मारायची सोय न्हाई. माझा हात आपोआप वर गेला. मोनालीनं मशीन थांबवलं.

दुसऱ्या दिवशीबी तेच झालं.

डॉक्टर चिडले न्हाईत, पण स्पष्ट बोलले. "आजी, भूल देऊन करता येतं, पण रोज भूल तुमच्या हृदयाला झेपणार नाही. उद्या एकदा प्रयत्न करू. नाहीच जमलं तर मला दुसरा उपाय नाही."

रिक्षात लेलेबाई म्हणाल्या, "इंदुबाई, डोळे गेले तर माझे टोमणे ऐकू येतील, तोंड तेवढं दिसणार नाही. तसा तुमचा तोटा काही नाही." आन् माझा हात धरून बसल्या, घर येईपर्यंत. लेलेबाई, हे खोडू नका.

तिसऱ्या दिवशी परत टेबलावर. मुखवटा. खटाखट. मोनालीच्या चपला लांब गेल्या. दार लागलं, कानात दाब आला. माझा हात वर जायला लागला...

आन् माझ्या डाव्या तळपायाला काहीतरी गार लागलं.

गार आन् गुळगुळीत. टाचंपास्नं गोल फिरत वर, परत खाली. वाटलं, मोनाली माघारी आली. पायाला हात लावून धीर देतीय. बरं वाटलं. हात खाली ठिवला. मशीन डोक्याभवती घुमत गेलं, मी त्या पायाकडं ध्यान लावून पडले. डावा झाला, मंग उजवा. दार उघडलं तसं ते थांबलं.

मोनालीनं मुखवटा काढला आन् म्हणली, "पाहा, जमलं नं आजी!"

म्हणलं, "तू पाय चोळलेस म्हणून जमलं गं."

ती हसली. "मी कुठं? मी तर बाहेर होते." मंग तिचं ध्यान माझ्या पायाकडं गेलं. "अरे आजी, पाय धुवून येत जा नं, चादर काळी झाली."

म्या बघितलं. दोन्ही तळपाय काळे. मातीचे न्हाईत... काजळी पाण्यात कालवल्यागत, चकाकणारे काळे.

तो काळा मी ओळखते. आमच्यात उष्णता झाली, डोळे चरचरले, ताप डोक्यात गेला, की काशाच्या वाटीनं तळपाय घासत्यात. तेल लावायचं आन् वाटी पालथी घालून गोल गोल फिरवायची. घासून घासून तळवा काळा होतो. म्हणत्यात ती अंगातली उष्णता निघाली. लेलेबाई म्हणत्यात, "ती उष्णता नाही, काशाचा आणि तेलाचा कीट आहे." असंल. पण मंग त्याला कासं लागतं आन् तेल लागतं. त्या खोलीत ह्यातलं काय व्हतं?

घरी येऊन म्या ट्रंक उघडली. आमच्या दोन घरांत काशाची वाटी एकच. वाटणीत माझ्याकडं आलेली. कापडात गुंडाळून व्हती तशीच व्हती. कोरडी.

दुसऱ्या दिवशी पाय खसाखसा धुवून गेले. परत तेच. दार लागलं की गार वाटी. बाहेर आल्यावर काळे पाय. मोनाली म्हणली, "फरशीचं लागत असेल आजी, मोजे घालत जा." तिनं हॉस्पिटलचे पांढरे मोजे दिले, सोता माझ्या पायात चढवले. शेक झाला. मोजे बाहेरनं पांढरे फक्क. तिनं ते उलटे करून काढले आन् आतनं काळे. ती मोजे हातात धरून उभी राहिली. मंग हळूच म्हणली, "आजी, मी पूर्ण वेळ कॅमेऱ्यात पाहत होते. तुमच्याजवळ कोणी नव्हतं." त्या दिवसापास्नं ती दार लावताना एकदा माझ्या पायाकडं बघून जायची.

कोण हाय ते मला लगेच कळलं न्हाई. एक दिवस मशीन वरनं खाली यायला लागलं, आन् तळव्याच्या खोलगट जागेला वाटीबरोबर एक टणक काहीतरी घासलं. हाड. प्रत्येक फेऱ्याला, त्याच जागी.

मला रडू फुटलं, मुखवट्याच्या आत. पुसता येईना.

आक्काचा उजवा अंगठा वाकत न्हाई. ऊस तोडताना कोयता बसलेला. म्हणून ती वाटी मुठीत धरायची, आन् अंगठ्याचं पेर तळव्याला घासायचं. मी नवी नवरी असताना मला इषमज्वर झाला व्हता. डोकं नुसतं तव्यागत. दुपारी गडी माणसं जेवून रानात गेली की आक्का यायची, माझे पाय मांडीवर घ्यायची. मी पाय वडून घ्यायची. थोरल्या जावंनं धाकटीच्या पायाला हात लावायचा? आमच्यात ते पाप समजत्यात. सासूनं बघितलं असतं तर दोघींचा उद्धार केला असता. तर आक्का म्हणायची, "पाय वडलास तर मी उठून जाईन. मंग बस एकटी." मंग मी गप पडायची.

त्या टेबलावरबी मला पहिल्यांदा तेच वाटलं. पाय वडून घ्यावा. पण हलायचं न्हाई. आन् तसंबी म्या वडला नसता.

म्हणून मी मनातल्या मनात तिच्याशी बोलायला लागले. म्हणायची, आक्का, आज लेलेबाईंनी उपमा दिला, मीठच नव्हतं. आक्का, गोठ्याच्या जागची लिफ्ट परत बंद पडली. ती काही बोलायची न्हाई. नुसती वाटी फिरायची. सोमवार ते शुक्रवार मी शेकाला न्हाई, आक्काला भेटायला जायची. शनवार-रविवार मात्र घर खायला उठायचं. घरी पलंगावर पाय सोडून, डोळे मिटून पडून बघितलं. काही न्हाई. पंख्याचा आवाज.

एकच भीती व्हती. ती गेली असंल, म्हणून अशी येतीय. पण फोन करायचं धाडस होईना. फोन केला आन् गेली म्हणले तर? मंग उद्या त्या टेबलावर मी कशी पडू? म्हणून केला न्हाई.

शेवटच्या दिवशी दार उघडलं तवा वाटी लगेच थांबली न्हाई. मोनालीच्या चपला अगदी जवळ आल्या, मंगच वाटी थांबली. तो मुखवटा मला घरी न्यायला दिला. म्या तिथंच ठिवला. मला कशाला पायजे ते तोंड?

मंग मधी काही म्हैने गेले, फोनचं धाडस तवाबी झालं न्हाई. परत फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, गाठ हाय तिथं हाय, वाढली न्हाई. नजर आहे तेवढी राहील. मी म्हणलं तेवढी बास. त्याच दिवशी लेलेबाईंना म्हणलं, आता वाघोलीला चला. म्हणाल्या, "चला. नाहीतर परत येरवड्याला उतराल, आणि तिथं एकदा आत घेतलं की सोडत नाहीत."

दार वैशालीनं उघडलं. मी चौकटीतच इचारलं, "आक्का हाय ना?"

"म्हणजे काय काकू? कुठं जाणार त्या?"

जिती व्हती. पलंगावर, उशाला टेकून. लई बारीक झालेली. माझ्याकडं बघितलं आन् नजर तशीच पुढं भिंतीवर गेली. मला ओळखलं न्हाई. उजवा हात पोटावर लाकडागत पडलेला.

वैशालीनं चहा आणला. मी इचारलं, "काही फरक?"

"फरक नाही हो काकू. मध्ये महिनाभर वाटलं होतं की पडतोय. हा उजवा हात, डॉक्टर म्हणाले होते आता कधी हलणार नाही... तो हलायचा. दुपारी मी जेवायला बसले की बरोब्बर सुरू. अशी मूठ करून गोल गोल, गोल गोल. फिजिओवाल्यालाही काही कळेना."

लेलेबाईंनी कप खाली ठिवला.

"यांना दाखवायचं म्हटलं तर शनिवारी-रविवारी हे घरी असले की हात गप्प," वैशाली म्हणली. "मग हे म्हणायचे, तुला भास होतो, दिवसभर घरात बसून बसून. मी शपथा घेतल्या. सोमवारी हे ऑफिसला गेले की परत सुरू. आणि एके दिवशी बंदच झालं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, तुम्हाला तरी खरं वाटतंय का?"

म्या तिला जवळ घेतलं. म्हणलं, "मला खरं वाटतंय गं." बाकीचं सांगायला माझ्याच्यानं तोंड उघडंना. मुखवट्यात असल्यागत झालं.

ती भांडी ठिवायला आत गेली तवा म्या पिशवीतनं वाटी काढली. बरोबर नेली व्हती, आन् तेलाची बाटलीबी. पलंगाच्या पायथ्याशी बसले. आक्काचा पाय मांडीवर घेतला. तेल लावलं, वाटी फिरवाय लागले. डावा पाय तिनं जरासा वडला. तिची तेवढीच बाजू हलते.

म्हणलं, "वडू नगंस. मी न्हाई उठून जायची."

पाय गप झाला.

आज टाईप करताना लेलेबाईंनी झूट म्हणलेलं न्हाई, पर खरं हाय असंबी म्हणल्या न्हाईत. मोनालीला म्या फोन करून सांगितलं, ती म्हणली, "आजी, मशीनमध्ये असं काही नसतं." ते मलाबी ठाऊक हाय. मला शेक चाललाय हे आक्काला कुणी सांगितलं, न हलणारा हात कसा हलला, आन् वाटी माझ्या ट्रंकेत असताना ती कशानं घासत व्हती... ह्यातलं मला एकबी सांगता येत न्हाई. तुमच्यापैकी कुणाला येत असंल तर सांगा. न्हाई सांगितलं तरी चालंल.

उजव्या डोळ्यानं बसचा आकडा दिसतो मला. शनवारी वाघोलीला जाते, एकटी. तिचे तळवे काळे होईस्तवर घासते. ती भिंतीकडं बघत असते. मी तिला लिफ्टचं सांगते, उपम्याचं सांगते, आन् संध्याकाळच्या बसनं माघारी येते.